मोटर अडीच व्होल्टची, पुरवठा छत्तीस व्होल्टचा

धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. मिरची वाळते, कुटली जाते आणि तिची पूड छापील पाकिटांत भरून दुकानांत पोचते. पाकिटं भरणाऱ्या यंत्रात फिल्मचा रोल वर बसवलेला असतो आणि प्रत्येक पाकिटाला लागेल तेवढीच फिल्म खाली ओढली जाते. मोजून ओढण्याचं हे काम अनेक यंत्रांत मुठीएवढी चौकोनी स्टेपर मोटर करते. जळगाव-धुळ्यात दारांवर आणि देव्हाऱ्यांवर नक्षी कोरणारे सीएनसी राउटर, पाटीची अॅक्रिलिक अक्षरं कापणारी लेझर मशीन, कॉलेजातले थ्री-डी प्रिंटर यांतही बहुधा तीच असते.

ही मोटर बिघडली की ती काढून लेबल वाचलं जातं. लेबलावर २.५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि पॅनेलमधल्या पुरवठ्याच्या डब्यावर ३६ व्होल्ट. मग नवी मोटर मागवायची ती किती व्होल्टची?

थोडक्यात उत्तर असं: आजच्या बहुतेक यंत्रांत मोटरचे व्होल्ट जुळवायचे नसतात, अँपिअर जुळवायचे असतात. काही यंत्रांत मात्र व्होल्टच जुळवावे लागतात. आपलं यंत्र कोणत्या गटातलं, हे मोटरकडे पाहून कळत नाही. त्यासाठी तिला चालवणारा ड्रायव्हर पाहावा लागतो.

पंपाचा अनुभव इथे चालत नाही

खान्देशात मोटर म्हटलं की विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे येतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं की व्होल्टेज कमी आलं की मोटर जळते. पंपाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पाणी उपसण्याचा भार तेवढाच राहतो, व्होल्टेज घटतं, इंडक्शन मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापून जातं.

स्टेपर मोटर वेगळ्या रीतीने वागते. तिला कमी व्होल्टेज मिळालं तर ती जळत नाही. वेगात चालताना तिचा जोर मात्र कमी पडतो. आणि पंप भाराप्रमाणे करंट कमीजास्त घेतो, तसं स्टेपरचं नसतं. तिच्या कॉइलमध्ये किती करंट जाणार हे ड्रायव्हर ठरवतो. मोटर जागेवर उभी असली तरी करंट वाहतच राहतो आणि ती गरम होते. म्हणून पंपाच्या सवयीने स्टेपर निवडली की निवड चुकते.

दुसरी सवय रिवाइंडिंगची. पंपाची मोटर जळली की तालुक्याच्या गावी ती पुन्हा भरून मिळते. स्टेपर खोलू नका. तिच्या रोटरमध्ये कायमचुंबक असतो आणि मोटर जोडून झाल्यावर त्याला चुंबकत्व दिलेलं असतं. रोटर बाहेर काढला की चुंबकत्वाचा बराच भाग उतरतो. पुन्हा जोडलेली मोटर फिरते, पण तिचा जोर परत येत नाही. जळलेली स्टेपर बदलावीच लागते.

एका फेरीत २०० पावलं

या मोटरमध्ये कॉइलचे दोन गट असतात. रोटरला ५० दात असतात. दोन्ही गटांत आळीपाळीने, दिशा बदलत करंट सोडला की रोटर एकेक पाऊल सरकतो. चार पावलांत एक दात पुढे जातो, म्हणून एका फेरीत २०० पावलं होतात आणि प्रत्येक पाऊल १.८ अंशांचं असतं. फिल्म ओढणाऱ्या रोलरचा परीघ २०० मिलिमीटर असेल आणि तो थेट मोटरच्या शाफ्टवर असेल, तर एका पावलाला १ मिलिमीटर फिल्म सरकते. १०० मिलिमीटरच्या पाकिटाला १०० पावलं लागतात.

मोटर खरंच तेवढी फिरली का, हे साध्या स्टेपरच्या यंत्रात कोणी तपासत नाही. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि पावलं पडली असं धरून चालतो. जोर कमी पडून पावलं सुटली तर ती चाराच्या पटीत सुटतात, कारण रोटर पुढच्या जुळणाऱ्या दातावर जाऊन अडकतो. आपल्या उदाहरणात पाकिटावरची छपाई ४ किंवा ८ मिलिमीटरने सरकते. छापील खुणेवर नजर ठेवणारा सेन्सर असेल तर तो थोडी चूक सावरतो. राउटरमध्ये अशी सोय नसते, तिथे देव्हाऱ्याची नक्षी थेट वाकडी कोरली जाते.

लेबलावरचे व्होल्ट येतात कुठून?

लेबलावर तीन आकडे शोधा: करंट, रेझिस्टन्स आणि व्होल्टेज. २.८ अँपिअर आणि ०.९ ओम असेल तर दोहोंचा गुणाकार २.५२ येतो. लेबलावरचे २.५ व्होल्ट ते हेच. कॉइलमधून ठरलेला करंट सतत वाहण्यासाठी तिच्या दोन टोकांना जेवढा दाब लागतो, तेवढंच हा आकडा सांगतो. एवढाच पुरवठा द्या, असा त्याचा अर्थ नाही.

व्होल्टेज ही मोटरची पक्की ओळख नसते, हे आठ वायरच्या मोटरवरून चांगलं कळतं. तिच्या प्रत्येक गटात दोन अर्ध्या कॉइल असतात. समजा, प्रत्येक अर्धी कॉइल १.८ ओम आणि २ अँपिअरची आहे. अर्धीच वापरली तर ३.६ व्होल्ट होतात. दोन्ही सिरीजमध्ये जोडल्या तर ३.६ ओम, करंट १.४ अँपिअर आणि ५ व्होल्ट. पॅरलल जोडल्या तर ०.९ ओम, करंट २.८ अँपिअर आणि अडीच व्होल्ट. मोटर तीच, तांबंही तेवढंच, जोडणी बदलली की व्होल्ट बदलले.

आधी ड्रायव्हर वाचा

कॉइलला करंट देण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली साधी. ट्रान्झिस्टर चालू झाला की पुरवठ्याचं पूर्ण व्होल्टेज कॉइलवर येतं आणि करंट किती वाहील हे फक्त रेझिस्टन्स ठरवतो. एसीतल्या वाऱ्याच्या पट्ट्या हलवणारी पाच वायरची छोटी मोटर अशीच चालते. बाजारात ती २८बीवायजे-४८ या नावाने ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा दोन प्रकारांत मिळते, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. ५ व्होल्टच्या प्रकारात कॉइल साधारण ५० ओमची असते, म्हणून ५ व्होल्टवर अर्धा वॅट उष्णता निघते. तीच मोटर १२ व्होल्टच्या जागी बसवली तर करंट जवळपास अडीचपट होतो आणि उष्णता २.८८ वॅटवर, म्हणजे पावणेसहा पटीवर जाते. थोड्याच दिवसांत ती जळते. उलट १२ व्होल्टची मोटर ५ व्होल्टवर लावली तर जळत नाही, पण पट्टी हलवण्याएवढा जोर तिच्यात राहत नाही. इथे व्होल्ट जुळलेच पाहिजेत. जुन्या यंत्रांत मोटरच्या वायरीवर जाडजूड सिरॅमिक रेझिस्टर लावलेले दिसतात. त्यांचाही याच गटात समावेश होतो. तिथे नवी मोटर व्होल्ट, ओम आणि अँपिअर या तिन्ही बाबतींत जुन्यासारखीच हवी.

दुसरी पद्धत चॉपर ड्रायव्हरची. राउटर आणि पॅकिंग यंत्रांच्या पॅनेलमध्ये दिसणारे टीबी ६६००, डीएम ५४२ हे डबे, किंवा थ्री-डी प्रिंटरच्या बोर्डावरची ए ४९८८ ही नखाएवढी चिप, सगळे चॉपरच. हा ड्रायव्हर कॉइलला पुरवठ्याचं पूर्ण व्होल्टेज देतो, आपल्या उदाहरणात ३६, पण करंट सतत मोजत राहतो. ठरवलेला आकडा आला की पुरवठा तोडतो, करंट किंचित उतरला की पुन्हा जोडतो. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. म्हणून अडीच व्होल्टची मोटर ३६ व्होल्टवर वर्षानुवर्षं सुखाने चालते. इथे जुळवायचे ते अँपिअर.

ड्रायव्हरच्या बाजूला करंटचा तक्ता आणि छोटी डिप स्विचं दिसली की ड्रायव्हर चॉपर आहे, असं समजायला हरकत नाही.

मग ३६ व्होल्ट हवेतच कशाला?

कॉइलमध्ये करंट एकदम वाढत नाही. तिचं इंडक्टन्स त्याला अडवतं. आपल्या मोटरचं इंडक्टन्स २.५ मिलिहेन्री आहे असं धरू. मोटर मिनिटाला ३०० फेऱ्या फिरत असेल तर सेकंदाला १,००० पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला फक्त १ मिलिसेकंद मिळतो.

पुरवठा नेमका अडीच व्होल्टचा असेल तर १ मिलिसेकंदात करंट जेमतेम ३० टक्क्यांपर्यंत चढतो. जोर करंटवर अवलंबून असतो, म्हणून पाऊल अर्धवटच पडतं. ३६ व्होल्ट दिले तर तोच करंट ०.२ मिलिसेकंदात पूर्ण चढतो आणि उरलेल्या वेळात मोटर पूर्ण ताकदीने ओढते. फिरणारी मोटर स्वतःही उलटा दाब तयार करते. तो इथे धरलेला नाही, पण वेग वाढेल तसा तोही वाढतो, आणि त्याच्यावर मात करायलाही जास्त व्होल्टच लागतात.

एवढं कळलं की दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. समजा तो म्हणाला, “२.५ व्होल्टची नाही, त्याच साइजची १२ व्होल्टची आहे, चालेल?” १२ व्होल्ट, ०.६ अँपिअर म्हणजे २० ओम. आकार तोच, तर तेवढ्याच जागेत बारीक तारेचे जास्त वेढे घातलेले असणार, आणि रेझिस्टन्स ज्या पटीत वाढतो साधारण त्याच पटीत इंडक्टन्सही वाढतं. इथे ते सुमारे ५५ मिलिहेन्री होईल. ३६ व्होल्टवर त्या मोटरचा करंट पूर्ण चढायला सुमारे १.१ मिलिसेकंद लागतो, म्हणजे अख्ख्या पावलाहून जास्त. अशी मोटर सावकाश फिरताना ठीक वाटते आणि यंत्राचा वेग वाढवला की घुरघुरते, पावलं सोडते. मोटर ३६ व्होल्टवर चालणार म्हणून जास्त व्होल्टची घेऊ, हा विचार पंपाच्या हिशेबाने बरोबर वाटतो, पण इथे तो नेमका उलटा ठरतो. चॉपर ड्रायव्हरवर कमी व्होल्टची, कमी इंडक्टन्सची मोटर चांगली, फक्त तिचा करंट ड्रायव्हरला पेलला पाहिजे.

पुरवठ्याची वरची मर्यादा काढायला जाणकार एक ठोकताळा वापरतात: मिलिहेन्रीचं वर्गमूळ काढायचं आणि ३२ ने गुणायचं. २.५ मिलिहेन्रीला साधारण ५० व्होल्ट येतात. त्याच्या वर गेलं तर मोटर उगाच तापते. ड्रायव्हरची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची.

वायरी

नव्या मोटरच्या वायरींचे रंग जुन्यासारखे असतीलच असं नाही. मल्टिमीटर ओमवर ठेवा. चार वायरची मोटर असेल तर ज्या दोन वायरींत थोडा रेझिस्टन्स दिसतो ती एक जोडी, उरलेल्या दोन वायरी दुसरी. मीटर नसेल तर दोन टोकं एकमेकांना टेकवून शाफ्ट हाताने फिरवा. तो जड झाला तर ती एकाच कॉइलची टोकं आहेत.

सहा वायरची मोटर असेल तर प्रत्येक गटात तीन वायरी सापडतात. ज्या दोहोंमध्ये रेझिस्टन्स दुप्पट दिसतो ती टोकं आणि तिसरी मधली. चार वायरच्या ड्रायव्हरला दोन्ही टोकं जोडता येतात आणि मधली वायर टेप लावून मोकळी सोडायची. अशा वेळी रेझिस्टन्स दुप्पट होतो, म्हणून करंट लेबलाच्या ०.७ पट ठेवायचा; इंडक्टन्स मात्र चौपट होतं. वेग जास्त हवा असेल तर एक टोक आणि मधली वायर वापरायची आणि करंट लेबलाप्रमाणे ठेवायचा.

बसणार का?

नेमा १७, २३, ३४ हे आकडे मोटरचा तोंडाकडचा आकार सांगतात: १.७, २.३ आणि ३.४ इंच, म्हणजे साधारण ४२, ५७ आणि ८६ मिलिमीटर. ताकद त्यांतून कळत नाही. नेमा २३ च्या बोल्टच्या छिद्रांतलं अंतर ४७.१४ मिलिमीटर असतं. शाफ्ट मात्र ६.३५ मिलिमीटरचा असतो किंवा ८ चा. कपलिंग किंवा पुली त्यावरच बसवायची असते, म्हणून हे माप कॅलिपरने घ्या. ताकद मोटरच्या लांबीबरोबर वाढते. बाजारात ‘दहा किलोची’, ‘एकोणीस किलोची’ म्हणतात ते किलो-सेंटीमीटर, आणि तेही मोटर उभी असतानाचं. वेगात तेवढा जोर मिळत नाही.

पाऊल १.८ अंशांचं आहे ना, तेही पाहा. ०.९ अंशांची मोटर बसवली तर प्रत्येक पाकीट अर्ध्याच लांबीचं निघेल. मोटरच्या मागे वेगळी बारीक वायर आणि एन्कोडर असेल तर ती क्लोज्ड-लूप मोटर आहे. तिच्या जागी साधी स्टेपर चालत नाही.

खान्देशातली वीज आणि ऊन

पुरवठ्याचा डबा एसएमपीएस असेल तर लाइन थोडी खालीवर झाली तरी त्यातून निघणारं व्होल्टेज बदलत नाही. त्यावर ११५ आणि २३० असं निवडायचं स्विच असेल तर ते २३० वर आहे ना, एवढं पाहा. जुन्या पॅनेलमध्ये ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि मोठा कपॅसिटर असतो. ३२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे ४५ व्होल्ट डीसी निघतात. रात्री भार उतरला आणि लाइन २५० वर गेली की तेच ४९ होतात. त्यात मोटर झटकन थांबते तेव्हा ती क्षणभर जनित्रासारखी वागून उलट वीज पाठवते. डीएम ५४२ सारख्या ड्रायव्हरची मर्यादा ५० व्होल्टची. मोटर ठीक असते आणि जळतो तो ड्रायव्हर. अशा ठिकाणी ३६ व्होल्टचा एसएमपीएस बसवणं शहाणपणाचं.

ऊन हा दुसरा मुद्दा. बहुतेक स्टेपर मोटरी भोवतालचं तापमान ५० अंशांपर्यंत असेल, असं धरून बनवलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. मोटरचं अंग ८० अंशांपर्यंत तापणं तिच्या प्रकृतीत बसतं, हात लावून ‘जळतेय’ असं म्हणू नये. पण उन्हाळ्यात हाताशी राखीव फार थोडं उरतं. यावर उपाय डिप स्विचमध्येच आहे. डीएम ५४२ च्या तक्त्यात करंटचे दोन रकाने असतात, शिखराचा आणि आरएमएसचा. लेबलावरचे अँपिअर आरएमएसच्या रकान्याशी ताडायचे. २.८ अँपिअरच्या मोटरला २.६९ ची पायरी योग्य. उन्हाळ्यात एक पायरी खाली, २.३६ वर आलं तर जोर १२ टक्क्यांनी घटतो, पण उष्णता जवळपास पाव हिश्शाने कमी होते. मोटर उभी असताना करंट अर्धा करण्याचं स्विचही चालू ठेवा. मिरचीची पूड ड्रायव्हरच्या पात्यांवर आणि पंख्यावर बसते, ती ब्रशने झाडत राहा.

बदलण्याआधी आणि बदलताना

मोटर मागवण्याआधी ती खरंच गेली आहे का, ते पाहा. यंत्र बंद करून दोन सारख्या मोटरींचे प्लग आपसांत बदला. बिघाड त्याच मोटरवर राहिला तर मोटर दोषी. तो दुसऱ्या मोटरवर गेला तर ड्रायव्हर किंवा वायर. अनेकदा हलत्या केबलमधली एखादी वायर आतून तुटलेली सापडते आणि मोटर नाहक बदलली जाते.

ड्रायव्हरला वीज चालू असताना मोटरची वायर काढू किंवा लावू नका. चालू कॉइल तोडली की व्होल्टेज उसळतं आणि ड्रायव्हर जागीच जातो. नवी मोटर बसवल्यावर आधी कपलिंग न जोडता सावकाश फिरवा. ती जागेवर थरथरली तर वायरींची जोडी चुकली आहे. उलटी फिरली तर वीज बंद करून एकाच जोडीतल्या दोन वायरी अदलाबदल करा.

सुरत, इंदूर, पुणे किंवा मुंबईच्या दुकानात फोन कराल तेव्हा ‘किती व्होल्टची मोटर’ एवढंच सांगू नका. तोंडाचा आकार, शाफ्टची जाडी, मोटरची लांबी, पावलाचे अंश, अँपिअर, मिलिहेन्री आणि ड्रायव्हरचं नाव सांगा. व्होल्ट विचारले तर पुरवठ्याचे वेगळे आणि मोटरचे वेगळे सांगा. लेबलं तेलाने आणि पुडीने पुसली जातात, म्हणून यंत्र नीट चालू आहे तोवरच मोटर, ड्रायव्हर, डिप स्विचं आणि एसएमपीएस या चारही गोष्टींचे फोटो काढून ठेवा.